बंद पाकीट आणि चोख नोंदवही
(दूरस्थ संगणकाच्या सुरक्षेचे दोन धडे)



२०२० साली शाळा आणि कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा 'रिमोट डेस्कटॉप' हा शब्द घरोघरी पोहोचला. तुमच्यापैकी अनेकांचे आईबाबा घरी बसून कचेरीतला संगणक चालवत होते. पडदा घरातला, कळफलक घरातला, पण काम होत होते ते दूरच्या यंत्रावर. यालाच आपण या लेखात 'दूरस्थ संगणक' म्हणू.

शाळेच्या कार्यालयातही अशी सोय करता येते. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रके, फीचा हिशेब हे सारे आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर असते. दाखल्याची प्रत हवी म्हणून परगावाहून किंवा परदेशातून माजी विद्यार्थ्याचा फोन आला, तर लिपिकाला घरूनही काम करता येते. सोय मोठी आहे. पण त्याच वाटेने दुसरा कोणी आला तर? आपले नाव, जन्मतारीख, जात, पत्ता, आईवडिलांचे फोन क्रमांक, सगळे त्या एका यंत्रात आहे.

म्हणून दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला : वाटेत कोणी आपले बोलणे ऐकते का? दुसरा : दारातून आत कोण आले, केव्हा आले, हे आपल्याला नंतर कळेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणे. दुसऱ्याचे उत्तर नोंदवही. बहुतेक लोक पहिल्या उत्तरावरच थांबतात. तेवढ्यावर का भागत नाही, ते आज पाहू.

पहिला निरोप आणि पहिली नोंद

इंटरनेटची आजी म्हणजे अमेरिकेतील 'अर्पानेट' हे जाळे. त्यावरचा पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहा वाजता गेला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात शिरू पाहत होता. त्यासाठी 'लॉगिन' हा शब्द टंकायचा होता. 'एल' गेला, 'ओ' गेला आणि पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने दुरुस्ती झाल्यावर पूर्ण शब्द गेला.

या प्रसंगात लक्षात ठेवण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. एक, जाळ्यावरचे अगदी पहिले काम दूरच्या संगणकात शिरण्याचेच होते. दुसरी, ही वेळ आज आपल्याला ठाऊक आहे, कारण प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ती कोणीतरी हाताने लिहून ठेवली होती. नोंद नसती तर आज नुसती आठवणच सांगावी लागली असती.

पॅकेट म्हणजे पाकीटच

संगणक लांबलचक मजकूर एका दमात पाठवत नाही. तो मजकुराचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात घालतो. या पाकिटाला 'पॅकेट' म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात हा शब्द रूढ केला. त्याच काळात अमेरिकेत पॉल बॅरन यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती.

पाकिटाचे दोन भाग असतात. वर पत्ता, आत मजकूर. पत्त्याच्या भागाला 'हेडर' म्हणतात. इंटरनेटच्या १९८१ साली ठरलेल्या चौथ्या आवृत्तीत हा हेडर कमीत कमी २० बाइटांचा असतो. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, एकूण लांबी अशा गोष्टी लिहिलेल्या असतात. त्याच्या आत टीसीपी नावाचा दुसरा हेडर असतो, तोही कमीत कमी २० बाइटांचा. पाकिटांचा क्रम आणि पोच यांची काळजी तो घेतो.

आपल्या नेहमीच्या तारेवरच्या जाळ्यात एका पाकिटाची कमाल लांबी १५०० बाइट असते. त्यातून ४० बाइट पत्त्याचे वजा केले की मजकुराला १४६० बाइट उरतात. आता १० लाख बाइटांचे छायाचित्र पाठवायचे तर किती पाकिटे लागतील? १०,००,००० भागिले १४६०, म्हणजे ६८५ पाकिटे. ही सारी पाकिटे वाटेत अनेक यंत्रांच्या हातांतून जातात. टपालाची पिशवी जशी गावोगाव उतरते आणि चढते, तसेच हे.

उघडे पोस्टकार्ड

पूर्वी दूरच्या संगणकात शिरण्यासाठी 'टेलनेट' नावाची पद्धत वापरत. त्यात सगळा मजकूर उघडा जात असे, पासवर्डसुद्धा. म्हणजे पाकीट नव्हेच, पोस्टकार्ड. ज्याच्या हातात पडेल त्याने वाचावे.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असेच पासवर्ड टिपले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' ही कूटबद्ध पद्धत तयार केली. संगणकाच्या दारांना क्रमांक असतात. फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा क्रमांक २१ आणि टेलनेटचा २३ होता. मधला २२ मोकळा होता. युलोनेन यांनी तो मागून घेतला आणि आजही एसएसएचचे दार २२ हेच आहे.

'च'ची भाषा का पुरत नाही

तुम्ही लहानपणी 'च'ची भाषा बोलला असाल. पहिले अक्षर काढून तेथे 'च' लावायचा आणि काढलेले अक्षर शेवटी ठेवायचे. 'कविता' झाली 'चविता क'. मोठ्यांना कळू नये म्हणून ही युक्ती. पण मोठ्यांनीही ती लहानपणी वापरलेली असते! पद्धत कळली की गुपित संपले.

ऑगस्ट केर्कहॉफ्स या अभ्यासकाने १८८३ साली यावर एक नियम सांगितला. त्याचा आशय असा, की कूटपद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे. आपल्या दाराचे कुलूप बाजारात सगळ्यांना मिळते. तरी घर सुरक्षित राहते, कारण किल्ली वेगळी असते. आजचे सगळे चांगले एन्क्रिप्शन याच नियमावर उभे आहे.

मात्र किल्ल्यांची संख्या पुरेशी मोठी हवी. १९७७ साली अमेरिकेने मानक म्हणून स्वीकारलेल्या 'डीईएस' पद्धतीत किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ साली खास बांधलेल्या एका यंत्राने सगळ्या किल्ल्या लावून पाहत ५६ तासांत कुलूप उघडून दाखवले. मग जगभरातून नव्या पद्धती मागवण्यात आल्या होत्या, त्यांतून बेल्जियमच्या जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची पद्धत २००० साली निवडली गेली. २००१ मध्ये ती 'एईएस' या नावाने मानक झाली. तिची सर्वांत लहान किल्ली १२८ बिटांची आहे. एकूण किल्ल्या किती? ३४ लिहून पुढे ३७ शून्ये द्या, साधारण तेवढ्या. एकेक लावून पाहण्याची आशाच नको.

उघड्यावर ठरलेले गुपित

आता एक अडचण. दोघांकडे एकच किल्ली हवी, पण ती पाठवायची कशी? वाटेत पाकीट कोणी उघडले तर किल्लीही गेली. यावर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली एक सुंदर उपाय प्रसिद्ध केला. लहान संख्या घेऊन तो वहीत करून पाहा.

सगळ्यांना माहीत असलेल्या दोन संख्या घ्या : २ आणि ११. मीराने मनात ३ धरले. तिने २ चा ३ रा घात काढला, ८. त्याला ११ ने भागून बाकी ८. ती तिने मोठ्याने सांगितली. सलीमने मनात ४ धरले. २ चा ४ था घात १६, ११ ने भागून बाकी ५. तीही त्याने मोठ्याने सांगितली.

आता मीराने सलीमच्या ५ चा ३ रा घात काढला, १२५. ११ ने भागून बाकी ४. सलीमने मीराच्या ८ चा ४ था घात काढला, ४०९६. ११ ने भागून बाकी तीच, ४. दोघांकडे ४ ही एकच संख्या आली, पण ती कोणी उच्चारली नाही! ऐकणाऱ्याला २, ११, ८ आणि ५ एवढेच मिळाले. येथे संख्या लहान आहेत म्हणून उत्तर शोधता येईल. खऱ्या व्यवहारात त्या शेकडो अंकी असतात आणि उलटे गणित आजच्या संगणकांनाही झेपत नाही.

पाकिटांचे तीन साचे

मजकूर कूटबद्ध झाला, की तो कोणत्या साच्यात भरायचा हेही ठरलेले असावे लागते. आज तीन साचे प्रामुख्याने वापरात आहेत.

१) टीएलएस. बँकेच्या संकेतस्थळाशी आपण बोलतो ते याच साच्यातून. याच्या प्रत्येक तुकड्याला ५ बाइटांचा छोटा मथळा असतो : १ बाइट प्रकाराचा, २ आवृत्तीचे, २ लांबीचे. एका तुकड्यात जास्तीत जास्त १६,३८४ बाइट मूळ मजकूर मावतो. २०१८ साली आलेल्या १.३ या आवृत्तीत एक सुधारणा आहे. कूटबद्ध तुकड्याचा खरा प्रकार आत दडवला जातो आणि बाहेर नेहमी २३ हाच क्रमांक दिसतो.

२) एसएसएच. यात ४ बाइट लांबीचे, १ बाइट भरावाच्या लांबीचा, मग मजकूर, मग निदान ४ बाइटांचा निरर्थक भराव आणि शेवटी मोहोर. भराव कशासाठी? कूटपद्धतीला ठरावीक मापाचे ठोकळे लागतात म्हणून, आणि मजकुराची नेमकी लांबी बाहेरच्याला कळू नये म्हणूनही.

३) आयपीसेकचा 'ईएसपी' साचा. दोन कार्यालये कायमची जोडायची असतील तर हा वापरतात. यात ४ बाइटांचा करार क्रमांक आणि ४ बाइटांचा अनुक्रमांक उघडे असतात, बाकी बंद. 'बोगदा' पद्धतीत आतले संपूर्ण पाकीट, पत्त्यासकट, दुसऱ्या पाकिटात घालतात. बाहेरच्याला फक्त बोगद्याची दोन तोंडे दिसतात. अनुक्रमांकाचा उपयोग असा, की कोणी जुने पाकीट टिपून तेच पुन्हा पाठवले तर ते ओळखून टाकून देता येते.

तिन्ही साच्यांत मोहोर महत्त्वाची. पूर्वी खलित्यावर लाखेची मोहोर असे. ती तुटलेली दिसली की पत्र कोणी उघडले हे कळे. संगणकाची मोहोर म्हणजे मजकूर आणि किल्ली यांवरून काढलेली संख्या, बहुधा १६ बाइटांची. वाटेत एक बिट जरी बदलला तरी मोहोर जुळत नाही आणि पाकीट नाकारले जाते. मजकूर लपवणे आणि मजकूर शाबूत ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे विसरू नका.

बंद पाकिटातूनही काही गोष्टी डोकावतातच. पत्ते दिसतात, आकार दिसतो, वेळ दिसते. एसएसएचमध्ये टंकताना प्रत्येक अक्षराचे वेगळे पाकीट जाते. दोन पाकिटांमधल्या अंतरावरून काय टंकले याचा अंदाज बांधता येतो, असे बर्कली येथील संशोधकांनी २००१ साली दाखवले. २०२३ साली ओपनएसएसएचमध्ये ही वेळ झाकण्याची सोय आली.

दूरस्थ पडद्याची गोष्ट

विंडोज संगणकाचा पडदा दूर नेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९८ साली 'आरडीपी' ही पद्धत आणली. तिचे नेहमीचे दार ३३८९. सुरुवातीला यात 'आरसी-४' नावाचे कूटलेखन होते. पण पलीकडचा संगणक खरोखर आपलाच आहे ना, याची पक्की खात्री करून घेण्याची सोय नव्हती. पत्र बंद पाकिटात घातले, पण दार उघडणारा खरा घरमालक की तोतया हे विचारलेच नाही, अशी ती स्थिती. २००५ नंतर आरडीपीमध्ये टीएलएस आले. पुढे, पडदा दाखवण्याआधीच वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची व्यवस्थाही आली. आरसी-४ कमकुवत ठरल्यावर २०१५ साली टीएलएसमध्ये त्याला मज्जाव झाला.

जोडणी करताना 'या संगणकाची ओळख पटवता येत नाही' अशी सूचना कधी कधी येते. आपण वाचतो न वाचतो आणि 'होय' दाबतो. ती सूचना म्हणजे नेमका तोतयाचा प्रश्न आहे. तिच्यावर डोळे मिटून 'होय' म्हणणे म्हणजे १९९८ कडे परत जाणे.

मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या आरडीपीत 'ब्ल्यूकीप' नावाचा दोष जाहीर झाला. पासवर्ड ठाऊक नसतानाही आत शिरता येईल असा तो दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्या वेळी कालबाह्य झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून त्याचे गांभीर्य कळते. यातून धडा असा, की एन्क्रिप्शन कितीही उत्तम असले तरी दारच रस्त्यावर उघडू नये.

कुलूप माणूस ओळखत नाही

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, कोणी लिपिकाचा पासवर्ड मिळवला आणि रात्री अकरा वाजता घरी बसून एखाद्याचे गुण बदलले. त्याची पाकिटे कूटबद्ध असतील का? हो, अगदी पक्की! वाटेत त्यांना कोणी हात लावू शकणार नाही. एन्क्रिप्शन प्रामाणिक माणसाचे जेवढे रक्षण करते, तेवढेच चोराचेही करते. ते वाट राखते, हेतू पाहत नाही. म्हणून नोंदवही हवी.

नोंदवहीचे महत्त्व पटवणारी एक खरी घटना आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. एक डॉलरसुद्धा नाही! खगोलशास्त्रज्ञ असलेले क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे तो हिशेब तपासायचे काम आले. कोणीतरी पैसे न भरता संगणक वापरत होते. स्टोल यांनी संगणकाच्या आतल्या नोंदींवर विसंबायचे टाळले. बाहेरून येणाऱ्या तारांना त्यांनी प्रिंटर जोडले. आत शिरलेला माणूस जे जे टंकत होता ते कागदावर उमटत गेले. संगणकातली नोंद त्याला पुसता आली असती, पण दुसऱ्या खोलीतला कागद कसा पुसणार? त्या कागदांच्या आधारे माग काढता काढता पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातला मार्कुस हेस सापडला. तो अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती मिळवून सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. ही हकिकत स्टोल यांनी १९८९ साली 'द ककूज एग' या पुस्तकात लिहिली.

एकत्र नोंदवही कशी चालते

स्टोल यांचे प्रिंटर म्हणजेच आजच्या मध्यवर्ती नोंदीचे मूळ तत्त्व : नोंद त्याच यंत्रावर ठेवायची नाही, वेगळ्या यंत्रावर पाठवायची. कारणे तीन. घुसखोर आधी आपल्या पाऊलखुणा पुसतो. यंत्र बिघडले तर नोंदीही जातात. आणि विंडोजमध्ये नोंदींची ठरवून दिलेली जागा भरली की साधारणतः जुन्यांवर नव्या लिहिल्या जातात. त्याशिवाय चौथे एक नाजूक कारण आहे. संगणक सांभाळणारा माणूसच चुकीचे वागला तर? कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. म्हणून नोंदींचे यंत्र आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याच जबाबदार व्यक्तीकडे असावा.

नोंदी पाठवण्याची सर्वांत रूढ पद्धत 'सिसलॉग'. १९८० च्या दशकात बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी ती तयार केली. यात प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक संख्या असते. ती काढण्याची रीत सोपी आहे : विभागाचा क्रमांक गुणिले ८, अधिक गांभीर्याचा क्रमांक. गांभीर्य ० ते ७ असते. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे बारीकसारीक तपशील. प्रवेश आणि ओळख यांचा एक विभाग ४ आहे आणि साधी माहिती म्हणजे ६. म्हणून ४ × ८ + ६ = ३८. एखाद्या नोंदीच्या आरंभी ३८ दिसले, की 'प्रवेशाविषयी साधी माहिती' हे लगेच कळते.

जुने सिसलॉग उघड्या पोस्टकार्डासारखे, ५१४ या दारातून, पोच न घेता जात असे. म्हणजे पहारेकऱ्याचा अहवालच कोणालाही वाचता यावा, अशी गंमत! २००९ साली सिसलॉगचे सुधारलेले मानक आले. त्याबरोबर टीएलएसमधून, ६५१४ या दाराने नोंदी पाठवण्याची रीतही ठरली. येथे आपले दोन्ही धडे एकत्र येतात : नोंदवहीलाही बंद पाकीट लागते.

विंडोजमध्ये घटनांना क्रमांक असतात. त्यातले काही ओळखून ठेवावेत :
४६२४ – प्रवेश मिळाला.
४६२५ – प्रवेशाचा प्रयत्न फसला.
४७७८ – तुटलेली दूरस्थ जोडणी पुन्हा जुळली.
४७७९ – दूरस्थ जोडणी तुटली.
११०२ – सुरक्षा नोंदवही पुसली गेली.

४६२४ सोबत 'प्रकार १०' असे असेल तर प्रवेश दूरस्थ पडद्यावरून झाला असे समजावे. रात्री ४६२५ च्या शंभर नोंदी आणि मग एक ४६२४ दिसली, तर कोणीतरी पासवर्ड शोधत होते आणि त्याला तो सापडला असा संशय घ्यावा. आणि ११०२ अचानक दिसली, तर हेडमास्तरांना तत्काळ कळवावे. वहीची पाने फाडणाऱ्याला काहीतरी लपवायचे असते.

आणखी एक गोष्ट : घड्याळ. तीन यंत्रांची घड्याळे तीन वेळा दाखवत असतील तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरवताच येणार नाही. म्हणून सर्व यंत्रांची वेळ 'एनटीपी' पद्धतीने एका विश्वासू घड्याळाशी जुळवतात आणि वेळेसोबत आपला साडेपाच तासांचा फरकही लिहितात.

नोंद किती ठेवावी, कोणी वाचावी?

भारतात 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांत नोंदी १८० दिवस जपणे, घड्याळे सरकारी वेळेशी जुळवणे आणि ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवणे अशा अटी आहेत. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत आणि त्यांत नोंदी वर्षभर जपण्याची अट आहे. शाळेने आतापासूनच वर्षाचे माप धरले तर बरे.

पण जपून. नोंदवही म्हणजे पाळत नव्हे. कोण आले, केव्हा आले, कोणती फाइल उघडली, एवढे पुरे. कोणी काय टंकले, कोणते खाजगी पत्र वाचले, हे नोंदीत येता कामा नये. पासवर्ड तर कधीच नको. मुलांच्या संगणक कक्षातल्या नोंदी म्हणजे मुलांचीच माहिती आहे. ती कोण पाहणार, किती दिवसांनी पुसणार, हे लिहून ठेवले पाहिजे आणि मुलांना आधी सांगितले पाहिजे. दारावर रखवालदार असावा, पण त्याने कोणाच्या दप्तरातल्या चिठ्ठ्या वाचू नयेत.

विश्वस्त आणि पालक यांच्यासाठी

पुढील गोष्टी खर्चाच्या कमी आणि शिस्तीच्या जास्त आहेत :

१) ३३८९ हे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. आधी कूटबद्ध बोगदा, मग दूरस्थ पडदा.
२) प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. 'ऑफिस' नावाचे एकच खाते पाचजण वापरत असतील तर नोंदवहीला काही अर्थच उरत नाही. सही पाचजणांची, अक्षर एकाचे!
३) पासवर्डबरोबर दुसरी खूण, म्हणजे मोबाइलवरील सांकेतिक अंक, मागावी.
४) नोंदी वेगळ्या यंत्रावर जाव्यात आणि त्या यंत्राची किल्ली वेगळ्या व्यक्तीकडे असावी.
५) आठवड्यातून एकदा कोणीतरी त्या नोंदी खरोखर वाचाव्यात. न वाचलेली नोंदवही म्हणजे रद्दी.
६) नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

पाचवा मुद्दा सर्वांत अवघड, कारण त्याला यंत्र नाही, माणूस लागतो. चोरी झाल्यावर नोंदी सुरू करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या जनरल रजिस्टर सांभाळले आहे. त्यात खाडाखोड झाली तर हेडमास्तरांची सही लागते, हे शाळेतल्या प्रत्येक लिपिकाला ठाऊक असते. संगणकाची नोंदवही त्याच परंपरेतली आहे. कागद बदलला, जबाबदारी तीच राहिली.

स्वाध्याय

१) २ आणि ११ याच संख्या घेऊन, मनात ५ आणि ६ धरून, मीरा आणि सलीम यांची सामाईक किल्ली काढा. (उत्तर : १)
२) सिसलॉगच्या एका नोंदीच्या आरंभी ३४ आहे. विभाग कोणता, गांभीर्य किती? (उत्तर : विभाग ४, गांभीर्य २)
३) टीएलएसच्या पाकिटातले काय बाहेरून दिसते आणि काय दिसत नाही? दोन स्तंभांत लिहा.
४) 'नोंद ठेवणे' आणि 'पाळत ठेवणे' यांतला फरक घरी आईबाबांशी चर्चा करून दहा ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मागे दिलेले नाही. ते प्रत्येक वर्गाने आणि विश्वस्त मंडळानेही आपले आपण शोधायचे आहे.